उजव्या खिडकीतला हिरवा

माझं उभं आयुष्य लोकांच्या तोंडावरचा हिरवा रंग काढण्यात गेलं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे लहान मुलींचे ड्रेस मिळतात. पण त्या गल्लीत अजूनही कुणी जुना माणूस भेटला तर म्हणतो, ‘शेलार, तुमच्यासारखा रंग कुणाला साधला नाही.’ मी वरवर नको नको म्हणतो आणि आतून फुगतो.

हे हिरवं प्रकरण आधी सांगितलं पाहिजे. आपल्या डोळ्याला ट्यूबलाइटचा उजेड पांढरा दिसतो. कॅमेऱ्याला तो हिरवट दिसतो. त्यात आमच्याकडच्या मंगल कार्यालयांवर हिरवे फायबरचे पत्रे, आणि फुलं-भाजीवाले शेतकरी हौसेनं शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली उभे राहून फोटो काढून घेणार. सगळीकडून हिरव्याचा मारा. धंद्यातल्या पहिल्याच मोठ्या लग्नाचा अल्बम मी मोठ्या ऐटीत दिला आणि दुसऱ्या दिवशी नवरीची सासू तो घेऊन दुकानात हजर झाली. अल्बम काउंटरवर आपटून म्हणाली, “आमची सून काय पालकाची जुडी हाय का वं?”

त्या दिवसापासून मी हिरव्याच्या मागे लागलो. आधी लेन्सवर गुलाबी काच लावून, पुढे लॅबवाल्याशी भांडून आणि कॉम्प्युटर आल्यावर स्वतःच्या हातानं. शेवटी शेवटी तर फोटो उघडला की मी काही बघायच्या आत माझा हात हिरवा उतरवून मोकळा व्हायचा. स्वयंपाक करणारी बाई बोलता बोलता मीठ टाकते, तसं ते झालं होतं.

रांजणगावच्या कंपन्यांची ओळखपत्रं हे माझं दुसरं मोठं काम. एकेका शिफ्टचे कामगार रांगेनं उभे असायचे. त्यातला बिहारचा एक जण नंतर मुद्दाम दुकानात आला. त्याला तोच फोटो मोठा हवा होता, पण गाल जरा भरून हवे होते. म्हणाला, “अम्मा देखेगी तो रोएगी, भैया. थोड़ा मोटा कर दो.” मी त्याला चांगला आठ-दहा किलोनं मोठा केला. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की काही फोटो म्हणजे फोटो नसतातच, घरी धाडलेले निरोप असतात. जाणवलं खरं, पण हातात मुरलं नाही. मुरलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

सुजाता साळवे ही मूळची दौंडची मुलगी. शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि आमच्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. तिची आई लवकर गेली होती. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त झाले होते. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. दर रविवारी ते दौंडहून एसटीनं यायचे, तिच्यासाठी डबा आणायचे आणि ती ड्युटीवरून येईपर्यंत माझ्या बाकावर ताठ बसून राहायचे. बाहेरची एसटी सुटली की त्यांची मान आपोआप वळायची. शेवटचं चाक फाटकाबाहेर जाईपर्यंत ते बघत राहायचे.

त्यांनीच मला गार्डाचं काम समजावून सांगितलं होतं. गाडी सुटताना शेवटच्या डब्यातून गार्ड हिरवा दाखवतो, इंजिनातून ड्रायव्हर हिरवा दाखवतो. मधल्या स्टेशनावरचा माणूसही हिरवा घेऊन उभा असतो, त्यालाही दाखवायचा. सगळं ठीक आहे, जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ.

“हिरव्याला हिरव्यानंच उत्तर द्यायचं,” आप्पा म्हणायचे. “उत्तर न्हाई दिलं तर म्होरचा घोरात पडतो. मागं काय झालं, कळंना व्हतं त्याला.”

त्यांचं घर दौंडला रुळांच्या कडेलाच आहे. सुजाता लहान असताना त्यांची मालगाडी घरामागून जायची, तेव्हा ते ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्यातून, तिला हिरवं निशाण दाखवायचे आणि ती गच्चीवरून आईच्या हिरव्या ब्लाउजचं कापड हलवायची. हे मला तिनं सांगितलं, आप्पांनी नाही.

मग तिला कॅनडात नोकरी मिळाली. व्हिसाचा फोटो मीच काढला. पांढरी पाठ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. तिला हसू आवरेना. मी रागावलो तेव्हा कुठे गंभीर झाली. त्याच आठवड्यात तिला पुण्याच्या सरकारी दवाखान्याचीही ऑर्डर आली होती. आप्पांनी दोन वर्षं त्यासाठी अर्ज केले होते, खेटे घातले होते. पोरगी सरकारी नोकरी सोडून परक्या मुलखात जाते, हे त्यांच्या डोक्यात बसेना. ती म्हणाली, “शिक शिक म्हणून तुमीच मागं लागला व्हता, आप्पा. आता जा बी म्हना की.” आप्पा उठले, डबा तिथेच ठेवला आणि निघून गेले. तिच्याशी बोलणंच बंद केलं.

ती दौंडहूनच दिल्लीच्या गाडीत बसली. मी आणि माझी बायको मंदा तिला पोचवायला गेलो होतो. आप्पा फलाटावर आले नाहीत. गाडी हलली तेव्हा सुजाता दारात उभी होती, पण आमच्याकडे बघत नव्हती, पुढे घराच्या दिशेनं बघत होती. नंतर तिनं फोनवर सांगितलं, गच्ची रिकामी होती.

तीन दिवसांनी तिनं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘काका, विमानातून काढलाय. मोठा करून, फ्रेम करून आप्पांना पोचवा. काही सांगू नका. बघितला की त्यांना कळेल.’

मी फोटो उघडला. काळं आभाळ, विमानाच्या पंखाचं टोक, आणि वर आडवा पसरलेला ढगासारखा एक पट्टा. सगळा हिरवागार. माझ्या मनात आलं, विमानातल्या दिव्याची छाया पडली काचेवर. पोरीला कुठं कळतंय. आणि माझा हात चालला. तासभर बसून मी मन लावून हिरवा उतरवला. काचेवरचं तिच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसत होतं, तेही पुसलं. पट्टा छान राखाडी झाला, पहाटेच्या धुरासारखा. जागा वाचवायला मी नेहमी मूळ फोटोवरच नवा सेव्ह करायचो, तसा केला. सागवानी पट्टीची फ्रेम लावली आणि दौंडला स्वतः नेऊन दिला. पैसे घेतले नाहीत, त्याचाही मला अभिमान होता.

आप्पांनी फोटो हातात धरून बराच वेळ बघितला. उजेडाकडे नेला, परत आणला. मग म्हणाले, “धूर हाय जनू. बरं हाय.” फोटो वर्तमानपत्रात परत गुंडाळून कपाटावर ठेवला. मी चहा पिऊन शिरूरला परत आलो.

पुढचे काही महिने सुजाता अधूनमधून मला फोन करायची. आप्पांची तब्येत विचारायची, पण फोटोचा विषय काढायची नाही. मीही काढला नाही. एका रविवारी तिनं न राहवून विचारलंच.

“काका, आप्पा काय बोलले का वं फोटो बघून?”

“बरं हाय म्हणाले.”

“बास? एवढा हिरवा बघून बी?”

मी खुर्चीत बसलो. ती सांगत होती. ध्रुवाजवळच्या आभाळात असा प्रकाश हलतो, त्याला उत्तरेचा प्रकाश म्हणतात. ती विमानात रडून रडून डोळे सुजवून बसली होती, सहज खिडकीचा पडदा वर केला, तर बाहेर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा. तिला वाटलं, आप्पांनी नाही दाखवला, पण कुणीतरी दाखवला. तेवढंच तिला त्यांना कळवायचं होतं. आणि ते उलट हिरवा दाखवतील, निदान एक फोन करतील, म्हणून ती इतके महिने वाट बघत होती.

मी काय केलं असेल? म्हणालो, “बोलतील गं. वेळ दे त्यांना.” असा भित्रेपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही. फोन ठेवला आणि कॉम्प्युटर पालथा घातला. मूळ फोटो माझ्याच हातानं गेला होता. मोबाइलवर आलेला केव्हाच पुसला होता. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग तिला फोन लावून सगळं सांगितलं. तिचा जुना फोन पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या चिखलात पडून गेला होता, म्हणजे तिच्याकडेही काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, “तूच एकदा फोन कर ना त्यांना.” ती म्हणाली, “न्हाई काका. यावेळी त्यांनी दाखवायचा.” बापाचीच लेक.

मी दौंडला गेलो. आप्पांना सांगितलं की फोटो हिरवा होता, माझ्या हातून रंग गेला, पोरीनं तुम्हाला हिरवा धाडला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. समोरच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, तिच्याकडे बघत म्हणाले, “शेलारभाऊ, तुमी चांगलं मानूस. तिच्यासाठी बोलताय. पर सिग्नल कुनी सांगून चालत न्हाई. त्यो दिसावा लागतो. दिसला न्हाई, तर न्हाई.”

चाळीस वर्षं दाखवण्याचा धंदा केलेला मी, दाखवायला हातात काही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या सूनबाईंचं बाळंतपण होतं. मुलगा टोरांटोजवळ असतो. मंदा डिंकाचे लाडू, बाळाच्या झबल्या-टोपड्यांची तयारी करत होती आणि मी एकाच गोष्टीचा घोळ घालत होतो. सुजाताला विचारून घेतलं, कोणती बाजू? ती म्हणाली, “उजवी, काका. पंखाच्या मागं. आन् झोपू नका.” मुलाला सांगून दिल्लीहून निघणारं तेच विमान, तीच बाजू मिळवली. कधीच दुकानाबाहेर न पडलेला माझा चांगला कॅमेरा गळ्यात अडकवला. त्याच्या तोंडाला काळ्या रबराची वाटी बसवली, म्हणजे काचेला टेकवली की आतला उजेड शिरणार नाही.

विमान पश्चिमेकडे जात होतं, म्हणून रात्र संपतच नव्हती. आपण पुढे आणि पहाट मागे, अशी पळापळ चालली होती. जेवणं झाली, दिवे मंद झाले. आजूबाजूची माणसं तोंडं उघडी टाकून झोपली. मी मंदाची काळी शाल डोक्यावरून घेऊन ती खिडकीभोवती खोचली आणि आत शिरलो. माझे गुरू जुन्या पेटीच्या कॅमेऱ्यामागे असंच काळं कापड घेऊन शिरायचे. इतक्या वर्षांनी मी त्या कापडात परत गेलो होतो. आत माझ्या श्वासाचा आवाज, विमानाची घरघर आणि काचेतून येणारा गारवा, एवढंच होतं. मला वाटलं, मी कुठेच नाही. शिरूर नाही, टोरांटो नाही, वयही नाही.

तेवढ्यात खांद्यावर टकटक झाली. हवाईसुंदरी विचारत होती, “सर, आप ठीक हैं?” मी शालीतून डोकं काढून मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, आप्पांच्या गच्चीपासून. मंदा लाजून दुसरीकडे तोंड करून बसली. ती बाई नीट ऐकून गेली, आणि दोन मिनिटांनी आमच्या बाजूचे उरलेसुरले दिवेही बंद झाले.

बराच वेळ काही नव्हतं. मग क्षितिजाच्या वर राखेसारखा एक पट्टा दिसला. राखाडी. अगदी मी केलेल्या फोटोतल्यासारखा. म्हणजे मी बरोबरच होतो की काय? पोरीला रडून रडून भास झाला होता का? तरी सवयीनं कॅमेरा काचेला लावला. अंधारात कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढा वेळ हात हलू द्यायचा नसतो. विमान तर थरथरतच होतं. मी कोपर खुर्चीला रेटून धरलं, श्वास रोखला, बटण दाबलं. मग कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा बघितला.

हिरवा होता. पोपटी, ओला, जिवंत हिरवा.

मला नंतर कळलं की अंधुक उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग नीट लागत नाही. कॅमेऱ्याला लागतो. म्हणजे डोळाही माझ्याच धंद्यातला, हिरवा उतरवून दाखवणारा. पण त्या क्षणी हे काही सुचलं नाही. मी फक्त बघत राहिलो, कारण आता तो पट्टा हलायला लागला होता. एक टोक वर उचललं गेलं, घडी पडली, घडी सरकत लांबवर गेली आणि मग इतका उजळला की माझ्या म्हाताऱ्या डोळ्यालाही हिरवा दिसला. मी मंदाला शालीत ओढून घेतलं. ती पाबळकडच्या शेतकऱ्याची लेक. थोडा वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “अहो, कुनाचं तरी शेडनेट सुटलंय वाऱ्यानं.”

आम्ही दोघं त्या शालीत किती वेळ होतो, सांगता येणार नाही. मी कितीतरी फोटो काढले, बरेचसे हलले. शेवटी कॅमेरा मांडीवर ठेवला. ज्या रंगाला मी जन्मभर काढून टाकलं, तो असा आभाळभर मोकळा फिरत होता, आणि मला त्याची माफी मागावीशी वाटली. मागितलीसुद्धा, मनातल्या मनात. खाली बर्फ होतं की ढग, कळत नव्हतं. त्यावरही तो हिरवा सांडला होता. विमान पुढे जात होतं आणि तो आमच्या बरोबरीनं चालला होता, जा म्हणत.

नात झाली. चार महिने राहून आम्ही उन्हाळ्यात परत आलो. त्यातला एकच फोटो मी निवडला. मोठा केला, पण कशालाही हात लावला नाही. काचेवर माझ्या चष्म्याची अंधुक चकाकी दिसते, तीही ठेवली. दौंडला दुपारचा पोचलो. आप्पा थकलेले दिसले, आवाज बारीक झाला होता. कपाटावरचा जुना फोटो होता तिथेच होता, वर्तमानपत्रासकट.

मी नवा त्यांच्या हातात दिला आणि आधीच खरं ते सांगून टाकलं. “आप्पा, हा तिनं काढलेला नाही. तिचा मी घालवला. हा मी काढलाय.”

त्यांनी तो मांडीवर घेतला. बघताना त्यांचे ओठ हलत होते.

“रूट त्योच?”

“तोच.”

“बाजू?”

“उजवी. तिनंच सांगितली.”

“तिला बी असाच दिसला?”

“असाच. तिला तर आधी दिसला.”

मागून एक मालगाडी गेली, तिचे सगळे डबे संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “सिग्नल कुनाच्या मालकीचा नसतो. त्या रस्त्यानं जो जाईल त्याचा. तिला मिळाला व्हता म्हना की.” आणि एकदम तोंड फिरवून, “त्या दिशी मी गच्चीच्या जिन्यात बसलो व्हतो, भाऊ. निशाण हातात व्हतं. चार पायऱ्या चढवंना मला. गाडी गेली.”

आप्पा रडले. मीही रडलो. मग ते उठून आतल्या खोलीत गेले आणि गार्डाची तीन रंगांची बॅटरी घेऊन आले. निवृत्तीनंतर हौस म्हणून त्यांनी ती स्वतः विकत घेतली होती. म्हणाले, “फोटो काढा माझा. तिला धाडा. हिरव्याला उत्तर द्याया दीड वरीस लागलं, एवढा लेट मी नोकरीत कवाच केला न्हाई.”

दुपारचं लख्ख ऊन होतं, हिरवा उठणार नव्हता. आम्ही दारं लावली, खिडक्या लावल्या, एका फटीत जुन्या फोटोवरचं वर्तमानपत्र कोंबलं. आप्पा भिंतीजवळ ताठ उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. बॅटरी उंच धरली आणि कळ दाबली. त्यांचं तोंड, पांढऱ्या मिशा, शर्टाची कॉलर, मागची भिंत, सगळं हिरवं झालं. पालकाच्या जुडीपेक्षा हिरवं.

मी त्यांना हसू नका म्हटलं नाही. ते हसत नव्हतेही, ड्युटीवर होते. मी फोटो काढला आणि तिथल्या तिथे सुजाताला पाठवला. माझं बोट एकदा सवयीनं रंगाच्या खुणेकडे गेलं होतं, ते मी मागे घेतलं.

तिकडे तेव्हा पहाट असणार. आम्ही दारं उघडून बसलो. मी फोन हातात धरून तिच्या उत्तराची वाट बघत होतो. ते आलंच नाही. आतल्या खोलीत आप्पांचा फोन वाजायला लागला.